भाग न देता मूळ संख्या कशी ओळखायची: जालना, परभणी आणि हिंगोलीच्या पिन कोडवरून

मराठवाड्यातल्या आठ जिल्ह्यांच्या ठिकाणांचे पिन कोड एका कागदावर लिहा. छत्रपती संभाजीनगर ४३१००१, जालना ४३१२०३, बीड ४३११२२, परभणी ४३१४०१, हिंगोली ४३१५१३, नांदेड ४३१६०१, लातूर ४१३५१२, धाराशिव ४१३५०१. यांतल्या मूळ संख्या किती?

बीड आणि लातूर सम, म्हणून लगेच बाद. संभाजीनगरच्या अंकांची बेरीज ९ आणि नांदेडची १५, त्यामुळे दोघांनाही ३ ने भाग जातो. धाराशिवला ११ ची कसोटी लावा: एकाआड एक अंकांच्या बेरजा ४+३+० आणि १+५+१, दोन्ही ७, फरक शून्य. म्हणजे ११ ने भाग जातो (११ × ३७५९१). उरले जालना, परभणी आणि हिंगोली. तिन्ही विषम आहेत, तिन्ही ३, ५, ७, ११, १३ ला दाद देत नाहीत, आणि दिसायला सारखेच. पण त्यांतला एक संयुक्त आहे. तो कोणता हे भागाकार न करता शोधायची रीत खाली दिली आहे. तीनशे अंकी संख्येलाही हीच रीत लागते, फक्त कागदाच्या जागी संगणक येतो.

आधी भागाकाराचीच रीत, म्हणजे ती कुठे दमते ते कळेल

एखादी संख्या संयुक्त असेल तर तिचा एक अवयव तिच्या वर्गमुळाएवढा किंवा त्याहून लहान असतोच. ४३१२०३ चं वर्गमूळ ६५६ च्या थोडं पुढे आहे. म्हणून ६५३ पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून पाहावं लागतं. अशा मूळ संख्या ११९ आहेत.

नेहमीची चूक इथेच होते. शंभरपर्यंतच्या २५ मूळ संख्यांनी भाग गेला नाही की माणूस ‘मूळ आहे’ असं लिहून मोकळा होतो. परभणीचा पिन नेमका याच सवयीला फसवतो. त्याला पहिला भाग जातो ३८९ ने, आणि ३८९ ही ७७ वी मूळ संख्या आहे. ४३१४०१ = ३८९ × ११०९. पंचाहत्तर भागाकारांनंतर कंटाळून सोडलं असतं तर निकाल चुकीचा लागला असता.

सहा अंकांना ११९ भागाकार, ते एका दुपारचं काम आहे. वीस अंकांना वर्गमूळ दहा अंकी होतं, आणि तिथपर्यंतच्या मूळ संख्या कोट्यवधी असतात. तीनशे अंकांसाठी ही रीत जगातल्या सगळ्या संगणकांनी मिळूनही पुरी होणार नाही.

फर्माची चाचणी

फर्माने १६४० मध्ये सांगितलेला नियम असा: न ही मूळ संख्या असेल आणि अ ला न ने भाग जात नसेल, तर अ चा (न − १) वा घात न ने भागला की बाकी १ उरते. उलट वाचायचं तर बाकी १ सोडून दुसरी काही आली की न संयुक्त, यात शंका नाही. अवयव कोणता हे कळत नाही, तरी संयुक्त असल्याचं पक्कं होतं.

२ चा ४३१२०२ वा घात म्हणजे एक लाख तीस हजारांच्या आसपास अंकांची संख्या. ती लिहायची नसते. प्रत्येक पायरीला वर्ग करायचा, लगेच न ने भागून फक्त बाकी ठेवायची. त्यामुळे हातात कधीच सहापेक्षा जास्त अंक राहत नाहीत.

साधन म्हणून मोंढ्यात अडत्याच्या गादीवर असतो तसला बारा अंकी कॅल्क्युलेटर घ्या. दहा अंकी चालत नाही. मधले वर्ग अकरा अंकांपर्यंत जातात, दहा अंकी यंत्र शेवटचा अंक गिळतं आणि बाकीसाठी तोच अंक लागतो. एक्सेल पंधरा अंकांपर्यंत खरं बोलतं, पुढचे अंक शून्य करून टाकतं, म्हणून पिन कोडला चालेल. आठ अंकी संख्येपासून पुढे त्यावर विसंबू नका.

पहिलं काम घातांकांची उतरंड लिहिणे. ४३१२०२ चं निम्मं २१५६०१. पुढे निम्मं करत जायचं, विषम आला की एक सोडून निम्मं: १०७८००, ५३९००, २६९५०, १३४७५, ६७३७, ३३६८, १६८४, ८४२, ४२१, २१०, १०५, ५२, २६, १३, ६, ३, १. आता खालून वर चढायचं. प्रत्येक पायरीला आधीच्या बाकीचा वर्ग, आणि त्या पायरीचा घातांक विषम असेल तर दुप्पट.

एक पायरी पूर्ण करून पाहू. १३ व्या घाताची बाकी ८१९२. तिचा वर्ग ६७१०८८६४. त्याला ४३१२०३ ने भागलं की १५५.६ येतं, त्यातले १५५ घ्या. १५५ × ४३१२०३ = ६६८३६४६५. वजा केल्यावर २७२३९९. ही बाकी न च्या निम्म्याहून मोठी आहे, म्हणून तीतून ४३१२०३ वजा करून −१५८८०४ असं लिहा. ऋण बाकी वापरली तरी वर्गाला फरक पडत नाही, आणि आकडे लहान राहतात.

जालन्याचा पूर्ण तक्ता:

घात १ → २
घात ३ → ८
घात ६ → ६४
घात १३ → ८१९२
घात २६ → −१५८८०४
घात ५२ → −१९७०३९
घात १०५ → −१४५१८३
घात २१० → ३८४४३
घात ४२१ → −१६८०६७
घात ८४२ → १३२७७१
घात १६८४ → १२८५९८
घात ३३६८ → −५१८५२
घात ६७३७ → १५८३९८
घात १३४७५ → −१०२७०८
घात २६९५० → −१६९२८
घात ५३९०० → −१९२८११
घात १०७८०० → −८४९२४
घात २१५६०१ → −१

शेवटच्या −१ चा वर्ग केला की ४३१२०२ व्या घाताची बाकी १. फर्माची चाचणी पार. ११९ भागाकारांच्या जागी १८ वर्ग, आणि त्यांतले पहिले काही तोंडी.

हेच परभणीला केलं तर २ च्या ४३१४०० व्या घाताची बाकी १२३८१४ येते. १ नाही, म्हणून संयुक्त. ३८९ चं नावही न घेता.

हाताने करताना दर पायरीला ताळा पाहा, आणि तो नऊचा पुरतो. वरच्या उदाहरणात ४३१२०३ चा बीजांक ४, १५५ चा २, गुणाकार ८; बाकी २७२३९९ चा ५; ८ + ५ = १३ म्हणजे ४. वर्ग ६७१०८८६४ चा बीजांकही ४. जुळलं. सगळ्यांत जास्त वेळा राहून जातं ते विषम पायरीचं दुप्पट करणं, म्हणून उतरंड लिहितानाच विषम आकड्यांखाली रेघ ओढून ठेवा. हिशेबातली चूक सहसा एकाच बाजूला नेते: मूळ संख्या संयुक्त दिसते. संयुक्त संख्या चुकीच्या हिशेबातून नेमकी १ वर येऊन थांबेल असं सहसा घडत नाही. म्हणून निकाल ‘संयुक्त’ आला तर एकदा फिरून करा.

बाकी १ आली म्हणजे झालं का? नाही

३४१ घ्या. ११ × ३१, उघड संयुक्त. पण २ चा १० वा घात १०२४, आणि १०२४ = ३ × ३४१ + १. त्यामुळे ३४० व्या घाताचीही बाकी १ च. फर्माची चाचणी २ घेऊन केली तर ३४१ मूळ ठरते. पाया बदलून ३ घेतला की ती पकडली जाते. पण ५६१ (३ × ११ × १७) तशीही पकडली जात नाही. तिच्याशी सहमूळ असलेला कोणताही पाया घ्या, बाकी १ च येते. अशा संख्यांना कारमायकेल संख्या म्हणतात, आणि त्या अनंत आहेत हे १९९४ मध्ये सिद्ध झालं. रामानुजन यांच्या टॅक्सीच्या गोष्टीतली १७२९ ही त्यांतलीच.

यावर उतारा मिलर-राबिन चाचणीचा. न मूळ असेल तर ज्याच्या वर्गाची बाकी १ येते अशा बाक्या दोनच: १ आणि −१. म्हणून शेवटी १ आला एवढंच पाहायचं नाही, १ च्या आधी काय होतं तेही पाहायचं.

रीत: न − १ ला २ ने जितक्या वेळा भाग जातो तितका देऊन विषम भाग काढा. त्या घाताची बाकी १ किंवा −१ आली तर पार. नाही आली तर एकेक वर्ग करत जा. पण वर्ग करताना न − १ च्या निम्म्यापर्यंतच थांबायचं. वाटेत −१ दिसला तर पार, नाही दिसला तर संयुक्त.

३४१ ला लावून पाहा. ३४० = ४ × ८५. २ च्या ८५ व्या घाताची बाकी ३२. त्याचा वर्ग १०२४, म्हणजे बाकी १. थेट ३२ वरून १ वर उडी, मध्ये −१ नाही. पकडली. वर फुकटात अवयवही मिळतो: ३२ − १ = ३१ आणि ३४१ यांचा मसावि ३१.

जालन्याला ४३१२०२ = २ × २१५६०१, म्हणजे एकच पायरी, आणि तिथे −१ आलाच आहे. हिंगोली जरा रंगतदार आहे. ४३१५१२ = ८ × ५३९३९. २ च्या ५३९३९ व्या घाताची ४३१५१३ ने बाकी ६४१२४. १ नाही, −१ नाही. घाईत इथे ‘संयुक्त’ लिहिणारे बरेच. एक वर्ग अजून करायचा: ६४१२४ चा वर्ग ४११,१८,८७,३७६ आणि ९५२९ पट ४३१५१३ म्हणजे ४११,१८,८७,३७७. एक कमी पडला. बाकी −१. पार.

एकट्या २ वर थांबता येत नाही. २०४७ = २३ × ८९ ही संयुक्त संख्या २ पायाची मिलर-राबिन चाचणी पार करते. मात्र पाये वाढवले की हमी मिळते, आणि तिच्या मर्यादा तपासून ठरलेल्या आहेत. २ आणि ३ हे दोन पाये १३,७३,६५३ च्या खालच्या प्रत्येक संख्येचा निकाल बिनचूक लावतात. २, ३, ५, ७ हे चार ३,२१,५०,३१,७५१ च्या खालपर्यंत. पहिल्या बारा मूळ संख्या (२ ते ३७) संगणकाच्या ६४ बिटांत मावणाऱ्या सगळ्या संख्यांना पुरतात. भारताचा कोणताही पिन कोड पहिल्याच मर्यादेत बसतो. जालना आणि हिंगोली ३ घेऊनही पार होतात, म्हणून दोन्ही मूळ.

दाखला: दुसऱ्याने दोन मिनिटांत तपासावा असा

ठरलेल्या मर्यादेच्या पुढे मिलर-राबिन पार झालेली संख्या ‘बहुधा मूळ’ असते. हे दोन शब्द गाळू नका. सिद्धता हवी असेल तर न − १ चे अवयव शोधावे लागतात. या कामी लुकासचा नियम कामाला येतो आणि तो लिहून ठेवण्याची पद्धत प्रॅटने १९७५ मध्ये मांडली.

जालन्यासाठी ४३१२०२ = २ × ३ × ७१८६७. आता ४३१२०२ ला या प्रत्येक मूळ अवयवाने भागून जे घातांक मिळतात, त्या प्रत्येक घाताची बाकी १ नाही हे दाखवायचं:

घात २१५६०१ → ४३१२०२
घात १४३७३४ → ३६७७७१
घात ६ → ६४

एकही १ नाही, आणि पूर्ण ४३१२०२ व्या घाताची बाकी १ आहे. याचा अर्थ २ चे घात घेत गेलं की पहिल्यांदा १ यायला पूर्ण ४३१२०२ पायऱ्या लागतात. तोवर येणाऱ्या सगळ्या बाक्या वेगवेगळ्या आणि न शी सहमूळ. म्हणजे न पेक्षा लहान अशी प्रत्येक संख्या न शी सहमूळ आहे, मग न ला अवयव राहीलच कुठे? ७१८६७ स्वतः मूळ आहे का हे वेगळं दाखवायला हवं, पण तिचं वर्गमूळ २६८ आहे, त्यामुळे २६३ पर्यंतच्या ५६ मूळ संख्यांनी भागून ते होतं. दाखला लिहिताना हीच ओळ राहून जाते, आणि ती नसेल तर दाखला अपुरा.

मधल्या ओळीचा एक सुंदर ताळा आहे. १४३७३४ च्या निम्म्या, म्हणजे ७१८६७ व्या घाताची बाकी −६३४३१ येते, आणि तिचा वर्ग केला की −६३४३२. शेजारचे आकडे येणं योगायोग नाही. त्या बाकीचा घन −१ असतो, आणि त्यावरून वर्ग हा बरोबर एकाने कमी येतो. तुमच्या कागदावर हे दोन आकडे शेजारी आले नाहीत तर वर कुठेतरी चुकलंय.

पॉकलिंग्टनचा आडरस्ता याहून छोटा. न − १ चा एक मूळ अवयव न च्या वर्गमुळापेक्षा मोठा असेल तर तेवढाच पुरतो. ७१८६७ हा ६५६ पेक्षा कितीतरी मोठा आहे. म्हणून ६४ − १ = ६३ आणि ४३१२०३ यांचा मसावि १ आहे एवढं पाहिलं की सिद्धता पूर्ण; मधली ओळ लागतच नाही. मोठ्या संख्यांत खरी अडचण ही की न − १ चे अवयवच सापडत नाहीत. तेव्हा लंबवर्तुळी वक्रांची पद्धत वापरतात, आणि ती पारी-जीपीसारख्या प्रणालीत तयार असते. कानपूरच्या आयआयटीतले मणीन्द्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी २००२ मध्ये दिलेली रीत सिद्धांताच्या दृष्टीने सगळ्यांत मोठी. कोणत्याही संख्येचा निकाल ती नक्की आणि अंकांच्या मानाने वाजवी वेळात लावते. पण रोजच्या वापरात ती संथ पडते, म्हणून सिद्धता हवी असणारे वक्रांकडेच जातात.

मूळ आहे हे कळल्यावर अजून काय वाचता येतं

पहिल्यांदा ४ ने भागून पाहा. जालना ३ उरवतो, हिंगोली १. इतक्याशा फरकाने दोघांचे स्वभाव बदलतात. कोणत्याही वर्गाला ४ ने भागलं की ० किंवा १ उरतो, म्हणून दोन वर्गांच्या बेरजेत ३ कधी उरणार नाही. जालन्याचा पिन दोन वर्गांची बेरीज म्हणून लिहिताच येत नाही. हिंगोलीचा येतो, आणि एकाच प्रकारे येतो.

तो शोधायला मघाचा ६४१२४ कामाला येतो, कारण त्याच्या वर्गाची बाकी −१ आहे. ४३१५१३ आणि ६४१२४ यांचा मसावि भागाकार पद्धतीने काढायला घ्या आणि बाक्या लिहीत जा: ४६७६९, १७३५५, १२०५९, ५२९६, १४६७, ८९५, ५७२, ३२३. वर्गमूळ ६५६ च्या पुढे आहे; त्याच्या खाली आलेल्या पहिल्या दोन बाक्या उचला. ५७२ चा वर्ग ३,२७,१८४ आणि ३२३ चा वर्ग १,०४,३२९. बेरीज ४,३१,५१३.

जालन्यासारख्या, ४ ने भागून ३ उरणाऱ्या मूळ संख्येचा दुसरा फायदा असा की तिथे ‘कोणाच्या वर्गाची ही बाकी?’ हा प्रश्न एका घातात सुटतो. दिलेल्या बाकीचा (न + १) ÷ ४, म्हणजे इथे १०७८०१ वा घात घ्यायचा. मिळालेल्या उत्तराचा वर्ग करून ताळा पाहायचाच, कारण निम्म्या बाक्या कोणाचाच वर्ग नसतात आणि त्यांना ही रीत गुपचूप चुकीचं उत्तर देते. २ ही तशीच बाकी आहे. २१५६०१ व्या घाताला −१ आला तो त्याचाच पुरावा.

जोडमूळ जोडीदार, म्हणजे दोनच्या अंतरावरची मूळ संख्या, जालन्याला नाही: ४३१२०१ ला २९ ने भाग जातो, ४३१२०५ ला ५ ने.

तीनशे अंकी मूळ संख्या तयार करायची असेल तर

बँकेच्या संकेतस्थळाच्या कुलपात अशा संख्या असतात. आरएसए या गुप्तलेखन पद्धतीच्या २०४८ बिटांच्या किल्लीत १०२४ बिटांच्या दोन, प्रत्येकी साधारण ३०९ अंकी. त्या कोणी यादीतून घेत नाही. यदृच्छेने विषम संख्या उचलायची आणि तपासायची. या आकाराला मूळ संख्या सरासरी ७१० त एक असते, विषम तेवढ्याच घेतल्या तर ३५५ त एक. १००० च्या खालच्या मूळ संख्यांनी आधी चाळून घेतलं तर त्या ३५५ पैकी साधारण ५८ उरतात. त्यांच्यावरच मिलर-राबिन चालवा. ही चाळणी न लावता थेट घात काढत बसणं म्हणजे वेळ घालवणं.

पायथनमध्ये करणार असाल तर चार ठिकाणी ठेच लागते. टोपीचं चिन्ह तिथे घातासाठी नसतं, दोन तारे असतात. आणि टोपी चालते, चूक दाखवत नाही, फक्त भलतंच उत्तर देते. घात आणि बाकी वेगवेगळी काढू नका. पॉव फंक्शनला पाया, घातांक आणि भाजक असे तीन आकडे एकत्र द्या. नाहीतर ते आधी पूर्ण घात बांधायला बसतं आणि यंत्र गोठतं. निम्मं करताना दोन तिरप्या रेघांचा भागाकार वापरा, एका रेघेचा दशांशात जातो. वर्गमुळासाठी पूर्णांकाचं वेगळं फंक्शन आहे तेच घ्या, दशांशवालं साधारण सोळा अंकांनंतर विश्वासाचं राहत नाही.

पाये दर वेळी यदृच्छेने निवडा. यदृच्छेने निवडलेल्या एका पायावर संयुक्त संख्या निसटण्याची शक्यता जास्तीत जास्त एक चतुर्थांश, चाळीस पायांवर ४ च्या ४० व्या घातात एक. पाये ठरलेले असतील तर कोणीतरी मुद्दाम त्यांना फसवणारी संख्या घडवू शकतं. १९९५ मध्ये आर्नो या फ्रेंच गणितज्ञाने ३९७ अंकी संयुक्त संख्या बांधून दाखवली, ती ३०७ च्या खालच्या सगळ्या मूळ पायांवर पार होते.

यदृच्छा मात्र खरी हवी. खेळासाठीच्या रँडमऐवजी ऑपरेटिंग सिस्टीमची गुप्ततेसाठीची यदृच्छा वापरा. २०१२ मध्ये संशोधकांनी इंटरनेटवरच्या लाखो किल्ल्या गोळा करून त्यांचे आपसांत मसावि काढले, तेव्हा हजारो किल्ल्यांची एक मूळ संख्या दुसऱ्या कुठल्या तरी किल्लीशी सामाईक निघाली. कमी यदृच्छा असलेल्या उपकरणांनी सारख्याच संख्या बनवल्या होत्या. २५० अंकी आरएसए संख्येचे अवयव काढायला २०२० मध्ये मोठी यंत्रणा लागली; सामाईक संख्येचा मसावि मात्र साध्या लॅपटॉपवर लगेच निघतो.

आणि अगदी अवाढव्य असेल तर

सर्वांत मोठ्या मूळ संख्यांच्या यादीत वरच्या जागी बहुतेक मर्सेन संख्या असतात, म्हणजे २ चा कुठला तरी घात वजा १. कारण त्यांना स्वतंत्र आणि स्वस्त चाचणी आहे, लुकास-लेहमरची. घातांक आधी मूळ हवा (तेवढ्याने भागत नाही: ११ मूळ असूनही २०४७ संयुक्त). ४ पासून सुरू करायचं, दर पायरीला वर्ग करून २ वजा करायचे आणि बाकी घ्यायची. घातांकापेक्षा दोनने कमी पायऱ्यांत शून्य आलं तर मूळ. १२७ साठी घातांक ७, पायऱ्या पाच: ४, १४, ६७, ४२, १११, ०. इथे ‘बहुधा’ नाही, हीच सिद्धता.

ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालेली २ चा १३६२७९८४१ वा घात वजा १ ही ५२ वी ज्ञात मर्सेन मूळ संख्या. तिचे अंक मोजायला घातांकाला २ च्या १० पायाच्या लॉगने गुणून पूर्णांक भागात १ मिळवायचा. शाळेतला ०.३०१०३ वापरलात तर ४१०२४३२०.५३ येतं आणि उत्तर ४,१०,२४,३२१ निघतं. ते चूक. ०.३०१०२९९९५६६ घ्या: ४१०२४३१९.९४५, म्हणून अंक ४,१०,२४,३२०. एवढ्या मोठ्या घातांकाने गुणल्यावर लॉगच्या नवव्या दशांशातला फरकही पूर्ण अंक हलवतो. त्याच ०.९४५ वरून पहिला अंक ८ हेही कळतं. शेवटचे दोन अंक कागदावर निघतात: २ च्या घातांचे शेवटचे दोन अंक (पहिला घात सोडला तर) दर २० ला फिरतात, १३६२७९८४१ ला २० ने भागून १ उरतो, २१ व्या घाताचे शेवटचे दोन अंक ५२, म्हणून आपले ५१. पायथनमध्ये ही संख्या बनते पण छापायला सांगितली की ३.११ आवृत्तीपासून चूक दाखवून थांबते, कारण मजकुरात बदलण्यावर ४३०० अंकांची मर्यादा घातलेली आहे. ती मुद्दाम उठवावी लागते.

अशी चाचणी घरच्या संगणकावर चालवायची तर ती दिवसेंदिवस चालते, आणि आपल्याकडे दोन गोष्टी आडव्या येतात. वीज जाते, म्हणून मधल्या बाकीची नोंद दर काही मिनिटांनी डिस्कवर उतरवणारा प्रोग्रामच घ्या. प्राइम९५ ते करतो. आणि मे महिन्यात तापलेल्या खोलीत प्रोसेसर किंवा मेमरी एखादा बिट चुकवते. लुकास-लेहमरमध्ये एक बिट चुकला की पुढचं सगळं वाया, आणि कळतही नाही. म्हणून आता पहिली फेरी फर्माच्याच धर्तीवरच्या चाचणीने करतात. तिच्यात वाटेत चूक पकडणारा गर्बिचचा ताळा बसवता येतो, चूक दिसली की शेवटच्या बिनचूक नोंदीवरून पुन्हा सुरुवात. ल्यूक ड्युरंट यांनी शोधलेल्या त्या ५२ व्या मर्सेन संख्येचंही असंच झालं: ११ ऑक्टोबरला डब्लिनमधल्या एका ग्राफिक्स प्रोसेसरने ‘बहुधा मूळ’ कळवलं, दुसऱ्या दिवशी सॅन अँटोनियोतल्या वेगळ्या यंत्राने लुकास-लेहमर चालवून शून्य आणलं, आणि २१ तारखेच्या घोषणेआधी वेगवेगळ्या प्रोग्रामांवर आणि यंत्रांवर तीच चाचणी फिरून केली गेली.